चालायचीच घट

सोनाराकडे जुन्या पाटल्या मोडून नव्या करायला दिल्या की दोन शब्द हमखास कानावर येतात. एक घडणावळ आणि दुसरा घट. घडणावळीवरून घासाघीस होते, घटीवरून सहसा होत नाही. सोने आटवताना थोडे जायचेच, असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. किती जायचे, हे मात्र सोनारच सांगतो. धान्याचा व्यापारी पोत्यामागे घट धरतो, सुताचा व्यापारी गाठीमागे धरतो. घट हा शब्द एकदा उच्चारला गेला की विचारणारा गप्प बसतो. हाच शब्द गेल्या दोन वर्षांत मला अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटला. माझ्या भाच्याच्या तीस लाखांच्या गाडीच्या इंजिनात.

भाचा इचलकरंजीला असतो. वडिलांनी आठ यंत्रमागांवर सुरू केलेला धंदा त्याने वाढवला. पन्नाशी जवळ आल्यावर, इतकी वर्षे मनात ठेवलेली हौस त्याने पुरी केली. पुण्याहून अडीच वर्षे वापरलेली, परदेशी बनावटीची, उंच, रुबाबदार पेट्रोल गाडी घेतली. कंपनीचे नाव इथे देत नाही. त्याने काही फरक पडत नाही. अक्काने गाडीला हळदकुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले. गाडीत बसताना पाय किती उचलावा लागतो, म्हणून थोडी कुरकुर केली आणि पहिली फेरी नरसोबाच्या वाडीला झाली.

दोन हजार किलोमीटर झाले असतील. पुण्याहून परतताना, खंबाटकीचा घाट चढून वर आल्यावर समोरच्या पडद्यावर पिवळी अक्षरे उमटली: इंजिन ऑइल एक लिटर भरा. साताऱ्याला हमरस्त्यालगत त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचा एक मेकॅनिक आहे. भाच्याने गाडी तिथे उभी केली. म्हाताऱ्याने बॉनेट उघडले, वरचे काळे प्लास्टिकचे झाकण पाहिले, हात पुसले आणि ऑइल मोजायची पट्टी शोधू लागला. पाच मिनिटे शोधून म्हणाला, "साहेब, हिला पट्टीच न्हाई."

त्या रात्री मला फोन आला. "मामा, गाडी ऑइल खातीय."

मी इंजिनियर नाही. बँकेत पस्तीस वर्षे काढली. गाड्यांसाठी शेकडो कर्जे मंजूर केली, त्यांचे हप्ते मोजले. ऑइल कधी मोजले नाही. पण अक्काच्या घरी कागदपत्रांचे कोणतेही प्रकरण निघाले की ते मामाकडे पाठवायचे, असा रिवाजच आहे. शिवाय, ऑइल जळणे आमच्या पिढीला नवे नाही. आमच्या टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये पेट्रोलबरोबर ऑइल घालावेच लागे. पंपावरचा मुलगा विचारूनच ते टाकायचा आणि मागे निळसर धुराचा पट्टा सोडत आम्ही ऑफिसला जायचो. तिथे ऑइल जळणे हा नियम होता. मोटारगाडीत मात्र ऑइल इंजिनात फिरत राहते, घर्षण आणि उष्णता सोसते आणि मळले की बदलतात. ते संपायचे नसते, निदान आमची समजूत तशी होती.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघे कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. काचेची खोली, थंड हवा, कॉफी. समोरचा तरुण अतिशय नम्र होता. त्याने गाडीखाली पाहून घेतले. कुठे गळती नव्हती, फरशीवर थेंब नव्हता. मग त्याने मालकाची पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवले. गाडी कशी चालवली जाते त्यावर अवलंबून हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल लागू शकते, अशा अर्थाची ती ओळ होती. "सर, तुमची गाडी मर्यादेत आहे. हे नॉर्मल आहे." भाच्याने मान डोलावली. मी खिशातून पेन काढले.

हजाराला अर्धा लिटर. या गाडीची सर्व्हिस पंधरा हजार किलोमीटरला. म्हणजे दोन सर्व्हिसच्या मध्ये साडेसात लिटर. दोन लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनात मुळात ऑइल मावते सुमारे पाच लिटर. याचा अर्थ असा, की इंजिनाने आपल्या पोटातले सगळे ऑइल एकदा पिऊन टाकले आणि वर पुन्हा निम्मे प्यायले, तरी पुस्तिकेच्या दृष्टीने ते ठणठणीत! मी आकडे त्या तरुणापुढे सरकवले. तो संकोचून हसला. त्याचा दोष नव्हता. त्याला ती ओळ दाखवायला शिकवले होते, भागाकार-गुणाकार करायला नव्हे.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. निवृत्त माणसाला वेळ असतो. जे समजले ते साध्या शब्दांत असे.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एका सेकंदात पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली. पिस्टनभोवती सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन जळणाऱ्या वायूंचा दाब अडवतात. तिसरी, सर्वांत खालची, सिलिंडरच्या भिंतीवरचे जास्तीचे ऑइल खरवडून खाली पाठवते. भिंतीवर ऑइलचा अगदी पातळ थर मात्र राहावाच लागतो, नाही तर धातूवर धातू घासेल. वर जळणाऱ्या वायूंचे तापमान दोन हजार अंशांच्या पुढे जाते, तेव्हा त्या थरातले थोडे ऑइल जळायचेच. म्हणजे घट ही कल्पना खोटी नाही. शून्य घटीचे इंजिन नाही, जसा शून्य घटीचा सोनार नाही.

प्रश्न किती, एवढाच आहे. तिसऱ्या रिंगेमागे बारीक छिद्रे असतात. खरवडलेले ऑइल त्यांतून परत जाते. ती छिद्रे काजळीने बुजली किंवा रिंग खाचेत चिकटली की ऑइल वर राहते आणि जळते. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या दांड्यावरून. तिथे रबरासारखी लहान सीले असतात. उष्णतेने ती कडक झाली की ऑइल झिरपते. तिसरी वाट टर्बोची. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहूनही अधिक फेरे घेतो आणि ऑइलवरच तगतो. इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारी झडप बिघडली तर ती चौथी वाट.

मग जुन्या साध्या गाड्यांपेक्षा या महागड्या गाड्यांत ही तक्रार का निघावी? इंधनाची बचत व्हावी, धूर कमी व्हावा असे कायदे जगभर कडक झाले. घर्षण कमी करण्यासाठी रिंगांचा ताण कमी केला गेला, ऑइल पातळ केले गेले. लहान इंजिनातून मोठी ताकद काढायची म्हणून टर्बो आला आणि त्याबरोबर उष्णता आली. देखभालीचा खर्च कमी दिसावा म्हणून ऑइल बदलण्याचे अंतर वाढवले गेले. यातली एकेक गोष्ट घेतली तर शहाणपणाची आहे. सगळ्या एकत्र आल्या की त्यांचा भार त्या तिसऱ्या रिंगेवर आणि त्या इवल्या सीलांवर पडतो.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. बीएमडब्ल्यूचे एन-६३ नावाचे ४.४ लिटरचे आठ सिलिंडरी इंजिन २००८ मध्ये एक्स-६ या गाडीतून बाजारात आले. पुढे ते एक्स-५ मध्ये आणि कंपनीच्या मोठ्या सेडान गाड्यांतही बसले. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या मांडणीत चार-चार सिलिंडरांच्या दोन रांगा असतात. अशा इंजिनांत तप्त धूर सहसा बाहेरच्या बाजूंनी निघतो. इथे रचना उलटी केली. धूर आतल्या बाजूने घेतला आणि दोन्ही टर्बो त्या व्हीच्या खोबणीत बसवले. जागा वाचली, पायाखाली ताकद पटकन येऊ लागली. पण चूल घराच्या मधोमध आली. गाडी बंद केल्यावरही ती उष्णता त्या खोबणीत रेंगाळते.

मालकांच्या तक्रारी येऊ लागल्या: दोन सर्व्हिसच्या मध्ये पुन्हा पुन्हा ऑइल भरावे लागते. डिसेंबर २०१४ मध्ये कंपनीने तिथे या इंजिनांसाठी खास तपासणीची योजना काढली. ऑइल बदलण्याचे अंतर १५ हजार मैल किंवा दोन वर्षे होते, ते १० हजार मैल किंवा एक वर्ष केले. २०१५ मध्ये मालकांनी न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयात सामूहिक दावा लावला आणि २०१८ मध्ये तडजोड मंजूर झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही. मात्र ऑइलच्या खर्चाची भरपाई, ऑइल किती जाते याची चाचणी आणि चाचणीत गाडी नापास झाल्यास, ती किती चालली आहे हे पाहून इंजिन-बदलाचा खर्च वाटून घेणे, अशा गोष्टी त्यात आल्या. ऑडीच्या २००९ ते २०११ या वर्षांतल्या दोन लिटरच्या टर्बो इंजिनांबाबतही अमेरिकेत असाच दावा झाला आणि तडजोडीने मिटला. तिथे उपाय होता नव्या घडणीचे पिस्टन आणि रिंगा.

मला यात महत्त्वाचे वाटले ते असे. एकेका मालकाला "हे नॉर्मल आहे" हेच उत्तर मिळत होते. शेकडो लोकांनी आपापल्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा नॉर्मल या शब्दाचा अर्थ न्यायालयात विचारता आला. आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आयोगाच्या परवानगीने, सारखीच तक्रार असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला दाद मागता येते. पन्नास लाखांपर्यंत किंमत मोजलेली वस्तू जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते आणि तक्रार दोन वर्षांत करावी लागते. मात्र तिथे जाताना हातात कागद लागतो.

आणि कागदच आमच्याकडे नव्हता. पहिल्या भेटीपासून भाचा जे बोलत होता, ते सगळे तोंडी. कॉफी पिताना सांगितले, फोनवर सांगितले. जॉब कार्डावर "ग्राहकाची तक्रार" या रकान्यात दर वेळी काय, तर "सर्वसाधारण तपासणी". बँकेत आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवले होते: जे लिहिलेले नाही ते सांगितलेलेच नाही. मी भाच्याला दोनशे पानी वही आणून दिली. तारीख, किलोमीटर, किती ऑइल घातले, बिलाचा क्रमांक. पहिले वर्ष लिटरमागे दोन हजारांच्या वर किलोमीटर जात होते. दुसऱ्या वर्षी सोळाशेवर आले. मर्यादा ओलांडली होती, पण तेव्हा वॉरंटी संपून चार महिने झाले होते.

वर्कशॉपने मग चाचणी केली. ती पद्धत प्रत्येक मालकाला माहीत असावी. ऑइल खुणेपर्यंत भरतात, झाकणाला आणि खालच्या बुचाला सील लावतात, ठरलेले अंतर गाडी चालवून आणायला सांगतात. परत आल्यावर सील पाहून ऑइल काढतात आणि वजन करतात. हजार किलोमीटरनंतर ५५० ग्रॅम कमी भरले. म्हणजे सुमारे साडेसहाशे मिलिलिटर. निदान झाले: रिंगा. इंजिन उघडायला लागणार, अंदाज सात लाख. वॉरंटी संपलेली असल्याने कंपनी सदिच्छा म्हणून सुट्या भागांच्या निम्म्या किमतीपुरती मदत करील, असे पत्र आले. वॉरंटीच्या काळात एकदा जरी जॉब कार्डावर ती ओळ लिहून घेतली असती, तर आमचे म्हणणे निराळ्या जोराने मांडता आले असते.

ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी इथेच सांगून टाकतो. पडद्यावर "ठीक" दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. बऱ्याच गाड्यांत वरच्या आणि खालच्या खुणेत साधारण लिटरभराचे अंतर असते, आणि गाडी बोलते ती सहसा खालच्या खुणेपाशी पोचल्यावर. म्हणून महिन्यातून एकदा, सपाट जागी, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पातळी पाहावी आणि लिहून ठेवावी. धूर दिसत नाही यावरही जाऊ नये. सायलेन्सरच्या वाटेवरचे धूर शुद्ध करणारे यंत्र बराचसा धूर गिळते, आणि ऑइलमधल्या रसायनांनी हळूहळू स्वतःच निकामी होते. सिग्नलला दोन-तीन मिनिटे थांबून निघताना मागे निळसर झोत दिसला तर बहुधा व्हॉल्व्हची सीले, जोर देताना दिसला तर बहुधा रिंगा. आणि ऑइल कमी असताना गाडी दामटू नये. ऑइलचा लिटर हजार-दीड हजाराला येतो. त्याच्या अभावी जाते ते इंजिन.

डिझेलवाल्यांसाठी आणखी एक. डिझेल गाडीतला काजळी अडवणारा फिल्टर साफ होताना अनेक गाड्यांत सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडले जाते. गाडी गावातल्या गावातच फिरत असेल तर त्यातले काही रिंगांच्या बाजूने उतरून ऑइलमध्ये मिसळते. मग ऑइल जळत असूनही पातळी जागच्या जागी दिसते, कधी वरही चढते. आमच्या धंद्यात ३१ मार्चला ठेवी फुगवून दाखवायचे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्या निघून जायच्या. पातळी बरोबर आणि आतला माल पातळ, तो हा प्रकार.

आता भाच्याच्या गाडीकडे येतो. सात लाखांचा आकडा ऐकल्यावर तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, एक लिटर भरतो, धुऊन-पुसून काढतो आणि विकून टाकतो. मला दिली तशीच कुणाला तरी देतो." त्यात चुकीचे काय, असे त्याच्या चेहऱ्यावर होते. थेंब पडत नाही, धूर दिसत नाही, पडद्यावर हिरवे. घेणाऱ्याला दोन हजार किलोमीटरनंतर कळेल. त्याला स्वतःला तसेच कळले होते.

मी त्याला एक जुनी गोष्ट सांगितली. मी एका गावी शाखाधिकारी होतो. गावाचे नाव नको. एका सूतव्यापाऱ्याला आमचे कॅश क्रेडिट होते. दर महिन्याला तो मालाचे स्टेटमेंट द्यायचा, मी गोदामात जाऊन गाठी मोजायचो. पहिल्यांदा तीन कमी निघाल्या. "घट आहे साहेब, धंद्यात एवढी चालायचीच." मी शेऱ्यात लिहिले: किरकोळ फरक, मर्यादेत. पुढच्या महिन्यात चार. पुन्हा मर्यादेत. सहाव्या महिन्याला माझी बदली झाली. नव्या अधिकाऱ्याकडे फाइल सोपवताना मी त्या तीन-चार गाठींबद्दल एक अक्षर बोललो नाही. माझ्या काळात खाते चोख होते, कागदोपत्री. वर्षभराने ते बुडाले आणि चौकशीत सापडला तो नवा अधिकारी. त्याची बढती तीन वर्षे अडली. माझी वेळेवर झाली. तो पुढे एकदा एका लग्नात भेटला. काही बोलला नाही, जेवताना शेजारी बसला, इतकेच.

भाच्याने ऐकून घेतले. "पण मामा, लाखांचं नुकसान आहे," म्हणाला. ते खरेच होते, आणि ते सोसणार तो होता, मी नव्हे. म्हणून मी पुढे काही बोललो नाही.

महिन्याभराने गाडी विकली गेली. पुण्याच्या एका गॅरेजवाल्याने घेतली. अशी इंजिने उघडून दुरुस्त करणे हाच त्याचा धंदा. भाच्याने चाचणीचा कागद आणि ती वही त्याच्यासमोर ठेवली. गॅरेजवाल्याने पाने उलटली आणि बाजारभावापेक्षा साडेपाच लाख कमी सांगितले. ओढाताण होऊन पाचवर सौदा ठरला. जाताना त्याने वही मागून घेतली. म्हणाला, "दुरुस्त करून विकताना पुढच्याला दाखवायला बरी."

अक्काला मी हे सांगितले तेव्हा ती पाटावर बसून शेंगा निवडत होती. पाच लाख ऐकून तिने हात थांबवला. मग म्हणाली, "सोनारसुद्धा घट आधी सांगतो रे. मागनं सांगितली तर तिला घट म्हणत नाहीत."